६० हजारांचा हेडफोन ६ हजारांच्या हेडफोनपेक्षा दहापट चांगला वाजतो का?

धुळे-सोलापूर महामार्गावर धाराशिव जिल्ह्यात तेरखेडा लागतं. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळी जवळ आली की लांबलांबून लोक गाडी काढून इथे खरेदीला येतात. कारण साधं आहे. माल बनतो तिथेच घेतला की मधले हात टळतात, आणि आपण काय घेतोय ते समोर दिसतं.

त्याच दिवाळीत याच गावातलं कुणी मोबाईलवर सेल उघडून हेडफोन बघत असेल, तर त्याचा व्यवहार बरोबर उलटा असतो. वस्तू समोर नाही. ती कानाला लावून बघता येत नाही. जिथे महागडे हेडफोन ऐकून बघता येतात, ती दुकानं पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. मग हाताशी उरतं काय? फोटो, खोडलेली एमआरपी, ‘मर्यादित काळासाठी’ची पट्टी आणि चार-पाच यूट्यूबरचे व्हिडिओ.

आणि हा प्रश्न आता फक्त शहरातल्या शौकिनांचा राहिलेला नाही. हजार-दोन हजारांचे ब्लूटूथ इअरफोन गावागावांत पोचले. ते वापरून झाले की पुढचा प्रश्न येतोच. आता जरा भारीतला घेऊ का? भारीतला म्हणजे किती भारीतला? आणि त्या पैशांत खरंच जास्त काही मिळतं का?

तेच जरा नीट समजून घेऊ.

आधी हिशोब: हे पैसे म्हणजे नेमके किती?

अ‍ॅपलने डिसेंबर २०२० मध्ये एअरपॉड्स मॅक्स हा हेडफोन आणला, तेव्हा भारतातली किंमत होती ५९,९०० रुपये. आता धाराशिवच्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव जाहीर केला ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे एका हेडफोनला ११ क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. बाजारात भाव त्याच्या खाली असला की क्विंटल आणखी वाढतात.

यात कराचा वाटाही मोठा आहे. हेडफोनवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. हेडफोन आधीपासूनच १८ टक्क्यांत होता, तो तिथेच राहिला. ५९,९०० मधला ९ हजारांहून जास्त भाग एकट्या जीएसटीचा होतो. त्या पैशांतून आवाज कणभरही सुधारत नाही.

आणि हा काही शेवटचा टप्पा नाही. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने २०१५ मध्ये ‘एचई १’ नावाचा हेडफोन जाहीर केला. त्याची किंमत होती सुमारे ५० हजार युरो. थोडक्यात, वर जायचं ठरवलं तर हेडफोनच्या किमतीला छत नाही. म्हणून थांबायचं कुठे, हे घेणाऱ्यानेच ठरवावं लागतं.

किंमत वाढली की आवाज सुधारतो का?

आपल्याला सहज वाटतं की सुधारत असणार. महाग कापड टिकतं, महाग चप्पल चावत नाही, मग महाग हेडफोन चांगला वाजणारच.

हे कुणी मोजून बघितलंय का? बघितलंय. येरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं घेऊन ती किमतीशी ताडून पाहिली. कानभर बसणारे, कानावर टेकणारे आणि कानात जाणारे असे सगळे प्रकार त्यात होते. २०१७ मध्ये अकौस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. हेडफोनचा ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ आणि त्याची किंमत यांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे काय? गाण्यात ढोलाचा खालचा घुमारा असतो, गायकाचा मधला आवाज असतो आणि टाळ-झांजेची वरची किणकिण असते. हेडफोन यातलं काय किती मोठं ऐकवतो, त्याचा तो आलेख. आवाजाचा बराचसा स्वभाव यातून ठरतो. एखादा हेडफोन ‘बेस मारतो’ किंवा ‘कान टोचतो’ असं आपण म्हणतो, ते याचंच वर्णन असतं.

आता याचा अर्थ २०० रुपयांचा आणि २० हजारांचा हेडफोन सारखाच, असा घेऊ नका. अगदी स्वस्तातल्या मालात दोष असतात. डावा-उजवा कान कमीजास्त वाजतो, आवाज वाढवला की फाटतो, महिन्याभरात वायर जाते. थोडे पैसे वाढवले की यातले बरेच दोष जातात. पण एका पातळीनंतर दोष संपतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या चवी सुरू होतात. तिथून पुढे ‘जास्त चांगला’ आणि ‘जास्त महाग’ यांची वाट वेगळी होते.

मग चांगला आवाज ठरवतं कोण?

यावर सगळ्यात जास्त काम झालंय ते हर्मन या कंपनीत. जेबीएल आणि एकेजी हे ब्रँड याच कंपनीचे. २०१७ पासून ती सॅमसंगच्या मालकीची आहे, आणि आपल्या पुण्याजवळ चाकणला गाड्यांमधल्या ऑडिओचं सामान बनवणारा तिचा कारखानाही आहे.

शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक युक्ती केली. ऐकणाऱ्याला ब्रँड कळला, वजन जाणवलं, किंमत माहीत असली की मत झुकतं. म्हणून त्यांनी लोकांच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवला आणि वेगवेगळ्या हेडफोनचा आवाज त्याच एकातून हुबेहूब वाजवला. लोकांना आवाजाशिवाय कशावरही मत देता येणार नाही, अशी ही व्यवस्था.

त्यातून काय निघालं? बहुतेकांची पसंती एका ठरावीक घडणीच्या आवाजाकडे गेली. यालाच आज ‘हर्मन कर्व्ह’ म्हणतात आणि जगभरातले परीक्षक त्याच्याशी तुलना करतात. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. ऐकणाऱ्यांचे गट पाडले तेव्हा साधारण ६४ टक्के लोकांना हा आवाज आवडला. १५ टक्क्यांना यापेक्षा जास्त बेस हवा होता. २१ टक्क्यांना कमी.

म्हणजे दर १०० माणसांत ३६ जण असे, ज्यांना ‘सगळ्यांना आवडणारा’ आवाज तसाच्या तसा नको असतो. यात त्यांची काही चूक नाही आणि त्यांना ‘कळत नाही’ असंही नाही. त्यांची आवड वेगळी आहे.

आता विचार करा, व्हिडिओमधला परीक्षक त्या ६४ मधला आहे आणि तुम्ही २१ मधले. त्याने पूर्ण प्रामाणिकपणे ‘जबरदस्त’ म्हटलेला हेडफोन तुम्हाला ढमढम वाटणार. हर्मन स्वतः हेडफोन विकते, हेही लक्षात ठेवायला हवं. पण त्यांच्याच आकड्यांतून हे दिसतं की एकच हेडफोन सगळ्यांना देता येत नाही.

कान वेगळा, गाणं वेगळं

आवडीमागे शरीरही असतं. बाहेरच्या कानाची पाळी आणि आतल्या नळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. साधारण ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज ही नळी मुळातच वाढवून ऐकवते, आणि कुणाच्या कानात किती वाढेल ते आकारावर ठरतं. वय वाढतं तसा वरच्या पट्टीचा आवाज ऐकू येणं कमी होत जातं. त्यामुळे २० वर्षांच्या मुलाला टोचणारा हेडफोन त्याच्या वडिलांना ‘एकदम स्वच्छ’ वाटू शकतो. दोघंही खरंच बोलत असतात.

त्यानंतर येतं गाणं. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर उतरली, त्यांच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटांचं गाणं मावायचं. रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. फार खालचे आणि फार वरचे सूर त्यात उतरलेलेच नाहीत. अशा गाण्याला महागडा हेडफोन लावला तर सूर वाढत नाहीत, तबकडीची खरखर मात्र जास्त स्पष्ट होते.

दुसरं टोक म्हणजे २०१६ चा ‘सैराट’. अजय-अतुल यांनी यातलं सिम्फनी ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. तिथे व्हायोलिनचा ताफा कुठे बसलाय, बासरी कुठून येतेय हे चांगल्या हेडफोनमध्ये वेगळं कळतं. याच सिनेमातलं ‘झिंगाट’ मात्र बेस चढवलेल्या दीड हजारांच्या इअरफोनवरही मजा देतं. काही जणांना तर तिथेच जास्त देतं.

आणि दिवसातले चार तास तुम्ही कीर्तन, पॉडकास्ट नाहीतर एमपीएससीची लेक्चर ऐकत असाल, तर तुम्हाला मधला आवाज, म्हणजे माणसाचा शब्द नीट ऐकू यायला हवा. त्यासाठी ६० हजार लागत नाहीत.

मग महागड्या हेडफोनमध्ये पैसे जातात कुठे?

काही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यातली कोणती तुमच्या उपयोगाची, हे तुमच्या दिवसावर ठरतं.

पहिली गोष्ट, नॉइज कॅन्सलिंग. हेडफोनमधला माईक बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याच्या उलटी लहर कानात सोडतो, त्यामुळे बाहेरचा आवाज विझतो. हे तंत्र सतत चालणाऱ्या, खालच्या पट्टीच्या घरघरीवर उत्तम चालतं. तेरखेड्याहून एसटीने पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला इंजिनाची घरघर कमी झाल्याचा फरक खरंच जाणवेल. पण अचानक वाजणारा हॉर्न, रडणारं पोर आणि फुटणारा फटाका याला पकडणं या तंत्राला जमत नाही. ज्याचा प्रवास नाही आणि जो रात्री शांत घरात ऐकतो, त्याने या सोयीचे पैसे का द्यावेत?

दुसरी गोष्ट, वजन आणि बसणं. एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचा आहे, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा. जास्त महाग असलेला जास्त जड आहे. धातूचा म्हणून तो हातात भारी वाटतो, पण तीन तासांनी मान काय म्हणते ते वेगळं. मराठवाड्याच्या मे महिन्यात कानभर बसणारा हेडफोन किती वेळ सहन होईल, हेही कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट, ‘हाय-रेझ’चे शिक्के. सोनीचं एलडॅक हे तंत्र ब्लूटूथवरून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतं. ऐकायला भारी वाटतं. पण आयफोनमध्ये एलडॅक चालतच नाही. आणि तुम्ही गाणी यूट्यूबवर ऐकत असाल तर तिथला आवाज मुळातच दाबून लहान केलेला असतो. पाईप कितीही मोठा टाका, टाकीत पाणी तेवढंच.

चौथी गोष्ट, आयुष्य. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्याकडेच दुर्लक्ष होतं. ब्लूटूथ हेडफोनमध्ये लिथियम बॅटरी असते. ती चार्ज-डिस्चार्ज होत दमत जाते आणि अनेक मॉडेलमध्ये ती बदलणं सोपं नसतं. म्हणजे आवाज ठणठणीत असला तरी काही वर्षांनी वस्तू निकामी होऊ शकते. याउलट झेनहायझरचा एचडी ६०० हा वायरचा हेडफोन १९९७ मध्ये आला आणि इतक्या वर्षांनंतरही विकला जातोय. त्याची वायर बदलता येते, कानाची गादी बदलता येते. ३० हजारांचा हेडफोन ३ वर्षं टिकला तर वर्षाला १० हजार पडले. तेवढ्याच किमतीचा १५ वर्षं टिकला तर वर्षाला २ हजार. ‘महाग’ कुणाला म्हणायचं, ते या हिशोबानंतर ठरवावं.

राहिलेले पैसे ब्रँडचे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गळ्यात चांगली वस्तू असावी असं कुणालाही वाटतं. फक्त आपण ते पैसे दिसण्यासाठी देतोय, ऐकण्यासाठी नाही, हे स्वतःला माहीत असलं म्हणजे झालं.

घेतला आणि नाही आवडला तर?

गावातून ऑनलाइन घेणाऱ्याला खरा फटका इथे बसतो.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. इथपर्यंत ठीक. पण हेडफोन सदोष नाही, जाहिरातीसारखाच आहे, फक्त तुम्हाला त्याचा आवाज आवडला नाही, तर? मग सगळं विक्रेत्याच्या परतीच्या धोरणावर. अनेक ठिकाणी कानात घालायच्या वस्तू स्वच्छतेचं कारण देऊन परत घेत नाहीत, किंवा फक्त तसाच दुसरा बदलून देतात. आवड न जुळणं हा कायद्याच्या दृष्टीने दोष नाही.

म्हणजे बघा, एका पातळीनंतर जो फरक उरतो तो आवडीचा. आणि नेमक्या त्याच फरकासाठी पैसे परत मिळण्याची खात्री नाही. शहरातला माणूस दुकानात पाच हेडफोन लावून बघतो आणि ही जोखीम टाळतो. तेरखेड्यातल्या माणसाने तेवढेच पैसे मोजायचे, तेवढाच जीएसटी भरायचा आणि ही जोखीम वरून घ्यायची.

ती जोखीम कमी करायला तो रिव्ह्यू बघतो. तिथेही सावध राहायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा दुसरा काही फायदा घेतला असेल तर ते स्पष्ट दिसेल असं सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात. त्यामुळे व्हिडिओखालचं वर्णन उघडून ‘सशुल्क भागीदारी’ किंवा खरेदीची कमिशन लिंक आहे का, हे बघायची सवय लावलेली बरी.

आणि कानाचं काय?

फटाक्याला कायद्याने मर्यादा आहे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला बंदी आहे. तेरखेड्यातल्या कारखानदाराला हा आकडा सांगावा लागत नाही. हेडफोन मात्र ४ मीटरवर नसतो, कानातच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. ९० डेसिबल केला की फक्त ४ तास. १०० डेसिबल केला की आठवड्याभरात जेमतेम २० मिनिटं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. आणि त्यानंतर ६ हजारांचा काय नि ६० हजारांचा काय, दोन्ही सारखेच.

इथे एक गंमतही आहे. दोन हेडफोनची तुलना करताना जो थोडा मोठ्याने वाजतो, तोच आपल्याला ‘चांगला’ वाटतो. दुकानात आवाज चढवून दाखवतात त्याचं कारण हेच. म्हणून तुलना करताना दोन्हीचा आवाज सारखा ठेवा.

तर मग घ्यायचा कसा?

आधी बजेट नाही, दिवस लिहून काढा. प्रवास किती, शांत जागा किती, गाणी किती, बोलणं किती. त्यावरून नॉइज कॅन्सलिंग हवं की नको हे ठरतं, आणि किमतीतला मोठा फरक तिथेच मिटतो.

मग स्वतःची आवड ओळखा. हातात आहे त्याच इअरफोनवर इक्वलायझर उघडा. बेस थोडा कमी करा, थोडा वाढवा, आठवडाभर ऐका. आपण त्या ६४ मधले, १५ मधले की २१ मधले, याचा अंदाज फुकटात येतो. काही वेळा तर इतक्यावरच भागतं आणि खरेदीची गरजच उरत नाही.

सोलापूर, लातूर किंवा पुण्याला कामानिमित्त जाणं होणारच असेल तर आपली रोजची तीन-चार गाणी मोबाईलमध्ये घेऊन दुकानात जा. दुकानदाराने लावलेलं गाणं नको. १० मिनिटं डोक्यावर ठेवून बघा. मित्राकडे, पाहुण्यांकडे असेल तर एक दिवस मागून घ्या.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर ‘रिप्लेसमेंट’ आणि ‘रिफंड’ यातला फरक बघून घ्या. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. वॉरंटीचं बिल जपून ठेवा. माल खराब निघाला आणि दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

एवढं करून ६० हजारांचाच आवडला आणि खिसा परवानगी देत असेल, तर जरूर घ्या. आवडीला मोल असतं. पण ५ हजारांचा कानाला पटला, तर उरलेल्या ५५ हजारांत आपण काहीतरी मोठं गमावतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. फटाका घेताना तेरखेड्यात लोक डब्याचं चित्र बघून भुलत नाहीत, आत काय आहे ते विचारतात. हेडफोन घेतानाही तेवढंच विचारायचं आहे.